अंग बाहेर येण्यावरची शस्त्रक्रिया: होकार देण्यापूर्वी
अंग बाहेर येत असेल, तर मूत्राशय, गर्भाशय की गुदाशयाकडील भिंत, नेमके काय खाली सरकले आहे हे प्रथम डॉक्टरांना विचारावे, कारण शस्त्रक्रियेचा प्रकार त्यावरच ठरतो. त्रास फारसा नसेल तर घाई करू नये; योनीत बसवायची रिंग आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यांनीही अनेकींना आराम पडतो.

गर्भाशय काढलेच पाहिजे असे नाही, हे आपल्याकडे बायकांना पुरेसे सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत गर्भाशय टेपच्या आधाराने मागच्या त्रिकास्थीला (कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाला) बांधून वर धरले जाते. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीने हा पर्याय आवर्जून विचारावा. गर्भाशय काढायचे ठरलेच, तर योनीचा वरचा भाग कोणत्या भागाला टाके घालून अडकवणार, हेही विचारावे, कारण आधार न दिल्यास तोही पुढे खाली उतरू शकतो. आधारासाठी कृत्रिम जाळी सुचवली गेल्यास कारण समजून घ्यावे. अंग बाहेर येण्यावर (प्रोलॅप्स) योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेने २०१९ मध्ये थांबवली.

नंतर साधारण सहा आठवडे भरलेली कळशी किंवा बादली उचलू नये, आणि बद्धकोष्ठता व जुनाट खोकला यांवर वेळीच उपचार घ्यावेत.