आतेची पाऊणकी : गावाचं भरती-सुकतीचं गणित वहीत कसं उतरवायचं

आमची आते घड्याळ बघत नाही. कालवं काढायला खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, जायचं असलं की आदल्या रात्री विचारते, "उद्या तिथ कुठची गो?" मी तीज म्हटलं की उत्तर तयार असतं. "सव्वादोनला पाणी भरलं. म्हणजे साडेआठला खडप उघडं."

हे ती पाऊणकीने काढते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. तीन पाऊण सव्वादोन, आठ पाऊण सहा, दहा पाऊण साडेसात. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. वद्य पक्ष लागला की मोजणी पुन्हा एकपासून. रत्नागिरीच्या आमच्या बाजूला हे बऱ्यापैकी जुळतं. तुमच्या किनाऱ्यावर जुळेलच असं नाही, म्हणून तर वही करायची.

सुरुवात घरी बसून प्रश्न विचारण्यापासून करू नका. मी केली होती. आतेने चहा दिला आणि "त्यात काय सांगायचं?" म्हणून विषय मिटवला. तिच्या मागून टोपली घेऊन खडपावर गेले तेव्हा ती आपणहून बोलायला लागली, कारण तिथे पाणी समोर होतं.

मग अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत एक पक्ष पाणी स्वतः मोजा. धक्क्याजवळ एक बांबू घट्ट रोवा आणि त्यावर वीत-वीत अंतरावर ऑइलपेंटच्या रेघा मारा. रोज दिवसाउजेडी येणारी एक भरती आणि एक सुकती टिपा: तिथी, वेळ, पाणी कुठल्या रेघेपर्यंत आलं, वारा कुठला. पावसाळ्यात हे करू नका. ओढ्यांचं पाणी खाडीत उतरतं आणि रेघा खोट्या ठरतात.

आता आतेच्या वेळा शेजारच्या रकान्यात मांडा. फरक दिसेल आणि तो दिसायलाच हवा. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकते, म्हणजे तिथीमागे साधारण 48 मिनिटं. पाऊणकी 45च धरते. पौर्णिमेला हिशोब सव्वाअकरा सांगतो, पाणी बाराच्या सुमारास भरतं. मी मोठ्या हुशारीने ही चूक आतेला दाखवली. ती म्हणाली, "मग पुनवेला जरा उशिरा निघायचं." हे वाक्यही मी वहीत लिहिलं. नुसतं सूत्र लिहून ठेवलं असतं तर ही सवलत हरवली असती.

दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला तिथीचा. भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली तिथी सूर्योदयाची असते. तिथी 19 तासांचीही असते आणि 26 तासांचीही, त्यामुळे एखादी गळते, एखादी दोन दिवस राहते. तिथी संपायची वेळ शेजारी बारीक अक्षरात असते, तीही टिपा. दुसरा घोळ जागेचा. एकदा मी मोबाइलमधली मुंबईची वेळ बघून खाडीत आत गेले आणि तासभर गुडघाभर पाण्यात उभी राहिले. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. वेळ लिहिताना ती धक्क्याची, मुखाची की आतल्या वाडीची, हे लिहाच.

शब्द जसे ऐकाल तसे लिहा. आते ओहोटी कधीच म्हणत नाही, सुकतीच म्हणते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाला पाणी धड भरत नाही, धड सुकत नाही, म्हणून अष्टमीला ती कालवांना जातच नाही. बीज-तिजेला जाते, तेव्हा खडप लांबवर उघडं पडतं. "अष्टमी : सहा वाजता भरती" एवढंच लिहिलंत तर त्यातून हे कुणाला कळायचं नाही.

वर्षाचं पानही ठेवा. सरकारी मासेमारीबंदी तारखेने चालते, 1 जून ते 31 जुलै. नारळी पौर्णिमा तिथीने येते: 2023मध्ये अधिक श्रावणामुळे 30 ऑगस्टला आली, 2025मध्ये 8 ऑगस्टलाच. तुमच्या गावात होड्या कशावर उतरतात, तारखेवर की नारळावर, ते म्हाताऱ्यांना विचारा. एका घरातली दोन माणसं दोन उत्तरं देतील. दोन्ही लिहा, भांडण सोडवायला जाऊ नका.

कालवांच्या जागा मात्र लिहू नका. निदान सगळ्यांनी बघायच्या वहीत तरी नाही. ती त्या बायांची कमाई आहे. मी हौसेने खडपाचा नकाशा काढला होता; आतेने तो बघितला, काही बोलली नाही, आणि पुढचे दोन दिवस मला न सांगता एकटीच गेली. पान फाडून तिच्या हातात दिलं.

वहीच्या दोन झेरॉक्स काढा. एक शाळेत द्या. दुसरी, जिने सांगितलं तिच्या घरी, कॅलेंडरच्याच खिळ्याला टांगा. आतेला वाचता येत नाही, पण बांबूच्या रेघा मी चित्रासारख्या काढल्यात. परवा एकादशीची रेघ तिने नखाने खोडली आणि म्हणाली, "हितपर्यंत नाय येत. पुन्हा बघून ये."