एका हाताने गोल्फ स्विंगचा सराव: या चुका टाळा

दोन्ही हात क्लबवर (गोल्फच्या काठीवर) असले की एकाची चूक दुसरा झाकतो. एक हात काढून घेतला की ही झाकपाक बंद होते, आणि म्हणूनच हा सराव उपयोगी आहे. पण बहुतेक जण त्याला ताकदीची परीक्षा समजतात आणि दोन दिवसांत सोडून देतात. खाली उजव्या हाताने खेळणारा खेळाडू गृहीत धरला आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.

क्लब लांब, स्विंग मोठा

सुरुवातीलाच सात नंबरचा आयर्न (मधल्या लांबीचा, धातूच्या चपट्या पात्याचा क्लब) किंवा ड्रायव्हर (सर्वांत लांब क्लब) घेऊन पूर्ण स्विंग करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. क्लब जितका लांब, तितकं त्याच्या टोकाचं वजन मनगटाला जड जातं. एका हाताला ते वर नेऊन थांबवता येत नाही, मग कोपर वाकतं, क्लब खांद्यामागे लोंबकळतो आणि खाली येताना सगळं शरीर त्याला ओढत बसतं. अशा वेळी स्विंगचा सराव होत नाही, तोल सावरण्याचा होतो.

पिचिंग वेज, म्हणजे जवळच्या फटक्यांचा आखूड क्लब घ्या. ग्रिपच्या टोकापासून तीन-चार सेंटीमीटर खाली पकडा. पाय नेहमीपेक्षा जवळ ठेवा आणि चेंडू जमिनीपासून जेमतेम एक सेंटीमीटर उंच टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ठेवा. हात मागे कमरेपर्यंत जाऊ द्या, पुढेही तेवढेच. आधी चेंडूशिवाय दहा वेळा नुसतं गवत घासा. चेंडू वीस-तीस मीटर गेला तरी पुष्कळ झालं. अंतर इथे मोजायचंच नाही, फटक्याचा आवाज आणि चेंडूची दिशा पाहायची.

उभं राहण्यातच गडबड

थेट एका हाताने क्लब धरून उभं राहिलं की खांद्यांची ठेवण बदलते. म्हणून आधी दोन्ही हातांनी नेहमीसारखं उभं राहा, मग एक हात काढून घ्या. उजव्या हाताच्या सरावात आणखी एक घोळ होतो: हात नकळत सरकून ग्रिपच्या वरच्या टोकाला जातो. तो त्याच्या नेहमीच्या जागी, म्हणजे खालीच राहिला पाहिजे. नाहीतर जो स्विंग तुम्ही कधी खेळतच नाही, त्याचा सराव होतो.

मोकळा हात हवेत तरंगत ठेवू नका, तो स्विंगभर हेलकावे खातो. पाठीमागे नेला तर त्या बाजूचा खांदाही मागे ओढला जाण्याची शक्यता असते. तो छातीवर आडवा ठेवणं सोयीचं. छाती फिरते आहे की नाही, हेही त्याच तळव्याला कळतं.

डावा हात: ओढतो, पण छाती थांबते

चेंडूनंतर डावं कोपर बाहेर, लक्ष्याच्या दिशेने फाकत असेल, फटके थिन जात असतील (क्लबची खालची कड चेंडूच्या मध्यावर लागत असेल) आणि चेंडू उजवीकडे निघत असेल, तर दोष हाताच्या कमजोरीचा नसतो. छाती चेंडूपाशीच थांबलेली असते, हाताला पुढे जायला जागा उरत नाही, म्हणून तो दुमडतो. उपाय म्हणजे हात जोरात ओढणं नव्हे. फॉलो थ्रूमध्ये, म्हणजे फटक्यानंतर क्लब पुढे जाताना, हात कमरेजवळ पोहोचेल तेव्हा पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे वळलेलं आणि क्लबहेडचं (क्लबच्या खालच्या जड भागाचं) टोक साधारण आकाशाकडे असावं. तिथेच दोन सेकंद थांबून तपासा.

दुसरा दोष मनगटाचा. चेंडू उचलून हवेत टाकायच्या नादात डावं मनगट मागच्या बाजूला वाकतं, क्लबहेड हाताच्या पुढे निघून जातं, आणि क्लब आधी जमिनीला तरी लागतो किंवा चेंडूच्या डोक्याला. घड्याळाच्या पट्ट्याखाली मनगटाच्या मागच्या बाजूने पंधरा सेंटीमीटरची प्लास्टिकची पट्टी सरकवा. मनगट वाकलं की ती हाताच्या पाठीला टोचते. ही तपासणी चेंडूशिवाय, सावकाश करा. जोडीला, उभं राहतानाच थोडं जास्त वजन डाव्या पायावर घ्या. चेंडू टीवर नसेल तेव्हा गवत चेंडूच्या पुढे घासलं गेलं पाहिजे, मागे नाही.

उजवा हात: घाई

उजवा हात फेकायला सरावलेला असतो, त्यामुळे एकटा सोडला की तो वरूनच झेपावतो. खांदा पुढे येतो, क्लब बाहेरून आत कापत जातो. चेंडू डावीकडे तरी निघतो, नाहीतर फेस (चेंडूला लागणारी क्लबची बाजू) उघडा राहिल्यास स्लाइस होतो, म्हणजे उजवीकडे वळत जातो. उजव्या काखेत लहान रुमाल धरा. अर्ध्या स्विंगमध्ये चेंडूला क्लब लागण्याआधीच तो पडला, तर कोपर शरीरापासून सुटलं आहे.

मनगटाचा वाक आधीच सोडणं ही त्याच घाईची दुसरी बाजू. चेंडूच्या मागे पंधरा सेंटीमीटरवर घडी घातलेला टॉवेल ठेवा. क्लब टॉवेलला लागला, तर मनगट लवकर सरळ झालंय किंवा वजन मागच्या पायावर राहिलंय. आधी वजन तपासा, ते दुरुस्त करायला सोपं. टॉवेलच्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवणारेही असतात. एका हाताच्या सरावात तो नकोच, मनगटाला झटका बसतो.

आवळलेली पकड आणि अति सराव

क्लब निसटेल या भीतीने पकड आवळली जाते. मग मनगट फिरत नाही आणि ताण कोपरावर जातो. बोटं पांढरी पडत असतील तर पकड सैल करा. तरीही क्लब सटकत असेल तर स्विंग लहान करा. एका हाताने सलग दहा-बारा चेंडूंहून जास्त मारू नका, विशेषतः कडक मॅटवर. कोपराच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाजवळ दुखू लागलं की त्या दिवसापुरतं बंद.

दोन हातांवर न परतणं

पाच चेंडू डाव्या हाताने, पाच उजव्या हाताने, मग पाच दोन्ही हातांनी, पण तेवढाच लहान स्विंग आणि तोच वेग. इथेच बहुतेकांचा सराव वाया जातो, कारण वेज ठेवून ते सरळ ड्रायव्हर उचलतात. डाव्या हाताने फटका स्वच्छ लागतो आणि दोन्ही हातांनी फॅट जातो (क्लब चेंडूआधी जमिनीला लागतो), असं होत असेल तर बहुधा उजवा हात ढकलतो आहे. उलट असेल तर डाव्या मनगटाकडे लक्ष द्या. प्रत्येक हाताने दहापैकी सात फटके स्वच्छ लागू लागले की चेंडू टीवरून गवतावर आणा. तिथेही जमलं की मगच नऊ नंबरचा आयर्न घ्या. स्विंगची लांबी मात्र कमरेपर्यंतच.