विमानात शेजाऱ्याला पॅनिक अटॅक आला तर
धाप, घाम, हातांना कापरं, ‘मला उतरायचंय’चा घोष. आधी डोक्यावरचं कॉल बटण दाबा, एसीचा झोत त्यांच्या तोंडाकडे वळवा. ‘घाबरू नका’ म्हणून काही होत नाही. त्यापेक्षा सोबत श्वास मोजा: ४ आकडे आत, ६ बाहेर. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका. केबिनमधली हवा आधीच ६ ते ८ हजार फुटांवरच्यासारखी विरळ असते. झटक्याचा भर साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो, मग ओसरतो. छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे सरकली तर हृदयाचं दुखणं समजूनच क्रूला सांगा.

ही घबराट आहे, दंगा नव्हे, हेही सांगाच. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या २०१७च्या नियमांत नुसत्या शिवीगाळीलाही ३ महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी आहे.