उतरलेल्या बॅटरीला जंपस्टार्ट: सगळी गोम चौथ्या चिमट्यात

सेल्फ मारल्यावर नुसती कट-कट आणि दिवे मिणमिणते, म्हणजे बॅटरी उतरली. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून ती गाडी चालू करायची, हा जंपस्टार्ट. रखडलेल्या कामाला कुणी पहिला रेटा दिला की हल्ली त्यालाही ‘जंपस्टार्ट’ म्हणतात. शब्द चपखल आहे. उसनं बळ दोन्हीकडे पहिल्या गिरकीपुरतंच पुरतं.

बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गोठलेली असेल तर तिच्या नादी लागू नका. दुसऱ्या गाडीची बॅटरीही १२ व्होल्टचीच हवी, ट्रकची २४ व्होल्टची नको. हायब्रिड असेल तर आधी पुस्तिका वाचा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या.

केबलचा पहिला लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. खुणा वाचूनच लावा. उलटसुलट झालं तर फ्यूज आणि अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचे) डायोड जळू शकतात.

राहिला चौथा. तो मी कित्येक वर्षं बिनदिक्कत उतरलेल्या बॅटरीच्या मायनसला लावायचो. गाडी चालू व्हायची, त्यामुळे चूक कळायचीच नाही. एकदा चिमटा टेकवताना अशी ठिणगी उडाली की केबल हातातून सुटली. लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि ठिणगी उडते ती शेवटच्या जोडणीला, कारण सर्किट तिथे पुरं होतं. दोघांची गाठ पडली तर बॅटरी फुटते आणि सल्फ्युरिक आम्ल थेट तोंडावर.

म्हणून चौथा चिमटा बॅटरी उतरलेल्या गाडीच्या इंजिन ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या धातूच्या मुख्य भागाला, बॅटरीपासून लांब. रंग दिलेला नट चालणार नाही, धातू उघडा हवा. इंधनाच्या नळीच्या आसपासही नको. ‘काही होत नाही हो’ म्हणणारा एक जण शेजारी असतोच. त्याला गाडीपासून दूर उभं करा.

चांगली गाडी चालू करून पाचेक मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही. नुसतीच कट-कट झाली तर चिमटे हलवून पकड घट्ट करा. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. बारीक तारांची स्वस्त केबल तापते, पण इंजिन फिरवत नाही.

चालू झाली की उलट क्रमाने काढा, म्हणजे चौथा सर्वांत आधी.

अर्धा तास फिरवली की बॅटरी भरते, हा सल्ला ऐकू नका. पार उतरलेली बॅटरी चार्जरलाच लावा. भरून झाल्यावर चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा: १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२ च्या खाली घसरली असेल तर नवी घ्या.