उरलेलं इंजिन ऑइल एकत्र करावं का?

शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक बाइकना लिटरपेक्षा कमी ऑइल लागतं, म्हणून दर सर्व्हिसिंगला डब्यात थोडं उरतंच. माझ्याकडे असे चार डबे साठले होते, कुणात १०डब्ल्यू-३०, कुणात २०डब्ल्यू-४० (हे ऑइलच्या दाटपणाचे ग्रेड).

कंपनी वेगळी असली म्हणून ऑइल फाटत नाही. चांगल्या दर्जाची इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतील अशीच बनवलेली असतात. दोन ग्रेड एकत्र केले की दाटपणा मधला कुठलातरी येतो. नेमका किती, हे घरी ठरवता येत नाही. म्हणून हे मिश्रण जुन्या गाडीत शे-दोनशे मिली टॉपअपपुरतंच वापरा. नव्या किंवा वॉरंटीतल्या गाडीत मुळीच नको.

खरी काळजी क्लचची घ्या. गिअरच्या बहुतेक बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. डब्यावर जासो (JASO, ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहा, म्हणजे ते अशा क्लचला चालणारं ऑइल. कारचं ऑइल किंवा स्कूटरचं एमबी ऑइल त्यात गेलं तर क्लच घसरू शकतो. टू-स्ट्रोकचं ऑइल, गिअर ऑइल आणि गाडीतून काढलेलं काळं ऑइल तर वेगळंच ठेवा.

ओतण्याआधी थोडं काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तळाशी कण दिसले तर कचरा. असं ऑइल इंजिनात नकोच. डबा उघडला की त्यावर मार्करने ग्रेड आणि तारीख लिहा, झाकण घट्ट लावा.