के-वायरला पू का होतो? हाताच्या फ्रॅक्चरमध्ये या चुका टाळा

बोटाचं हाड मोडलं, दोन के-वायरी (हाडाचे तुकडे जागेवर धरणाऱ्या बारीक धातूच्या तारा) घातल्या, पंधराव्या दिवशी वायरच्या तोंडाशी पू. मग ठरलेला क्रम सुरू होतो. आधी अँटिबायोटिक बदलायचं, मग त्याहून महागडं द्यायचं, मग ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) स्वच्छतेवर खापर फोडायचं. ओटीत गडबड असू शकते, नाही असं नाही. पण त्वचेबाहेर टोक ठेवलेल्या वायरीचा संसर्ग बहुतेक वेळा वायर हलते म्हणून होतो. वायर घट्ट असली की त्वचा तिच्याभोवती आवळून बसते आणि भोक कोरडं राहतं. हलायला लागली की तिच्या कडेने पोकळी होते, त्यात स्राव साचतो, आणि त्वचेवर एरवी निमूट बसलेल्या स्टॅफिलोकोकस जंतूला थेट हाडापर्यंत रस्ता मिळतो. ती का हलली, हे शोधायला अँटिबायोटिकच्या बाटलीवरचं लेबल नाही, ड्रिल बघा.

ड्रिल सुसाट सोडणं

नव्या रेसिडेंटचा (शिकाऊ डॉक्टरचा) हा सगळ्यात लाडका गुन्हा. फॅलँक्सचं (बोटाच्या पेराचं) हाड बारीक, पण त्याचं बाहेरचं कवच कडक आणि गोलसर. वायर त्यावर घसरते. घसरली की ट्रिगर आणखी दाबला जातो, टोक जागच्या जागी फिरत राहतं आणि तापतं. हाडाचं तापमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिलं तरी तिथल्या पेशींना इजा होते, आणि फिरणारी बोथट वायर त्याच्या पुढे सहज जाते. त्या दिवशी काहीच कळत नाही. सी-आर्मवर (ओटीतल्या एक्स-रे यंत्रावर) चित्र छान, सगळे खूश. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत भोकाभोवतीचं भाजलेलं हाड विरघळतं आणि वायर सैल पडते. एक्स-रेवर वायरच्या दोन्ही बाजूंना बारीक काळी रेघ दिसते. त्या रेघेला कुठलंही अँटिबायोटिक बुजवत नाही.

उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणूनच कोणी करत नाही. दर पेशंटला नवी वायर. फॅलँक्सला ०.८ ते १.२ मिलिमीटर, मेटाकार्पलला (तळहाताच्या हाडाला) १.२ ते १.६. ‘जाड घातली की मजबूत’ हा हिशेब बोटात चालत नाही. जाड वायर जास्त तापते आणि लहान तुकडा फोडून ठेवते. वेग कमी, दाब थांबून थांबून, आणि मदतनीसाच्या हातात दहा मिलीची सलाईन भरलेली सिरिंज. ड्रिलला उलटसुलट फिरण्याची सोय असेल तर तीच वापरा, म्हणजे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि नसा वायरला गुंडाळल्या जात नाहीत. सुरुवातीलाच वायर त्वचेवर आडवी ठेवून सी-आर्ममध्ये दिशा बघा आणि पेनने रेघ मारा. यात अर्धं मिनिट जातं. ते वाचवायला जाणारे पुढे एकाच हाडाला पाच भोकं पाडतात. दोनदा चुकलं तर तिसऱ्यांदा तीच वायर नको. टोक बोथट झालेलं असतं, ती टाका आणि नवी घ्या.

ताणलेली त्वचा

वायर बसवून झाल्यावर सांधा हळूच हलवून बघा. त्वचा वायरवर तंबूसारखी ताणली जात असेल तर ११ नंबरच्या ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर मोकळी करा. नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाली येणार, आणि ती संसर्ग समजून गोळ्या सुरू होणार. वायरचं टोक वाकवताना पुढे सूज येणार हे धरून खाली साधारण अर्धा सेंटीमीटर जागा सोडा. टोक बँडेजमध्ये अडकेल असं उघडं ठेवू नका.

बाहेर आलेली वायर आत ढकलणं

हे कोणीही, कुठेही, कधीही करू नये. तरी दर पावसाळ्यात असा हात ओपीडीत येतोच. चित्र साधारण असं: मोटारसायकलवरून पडून अनामिकेचं प्रॉक्सिमल फॅलँक्स (तळव्याकडचं पेर) मोडलेलं, जखम नाही, दोन आडव्यातिडव्या वायरी, काम नीट झालेलं. पेशंट दुधाच्या धंद्यातला. दहाव्या दिवशी स्लॅबवर (प्लास्टरच्या आधारपट्टीवर) प्लास्टिकची पिशवी बांधून तो धार काढायला बसतो. पिशवीत घाम आणि पाणी दोन्ही साचतं, स्लॅब मऊ पडतो, बोट हलायला लागतं, आणि एक वायर पाच-सहा मिलिमीटर बाहेर सरकते. गावातल्या ड्रेसिंगवाल्याकडे गेल्यावर तो बीटाडीन लावतो आणि पक्कडीने वायर परत आत दाबतो. दोघंही समाधानाने घरी.

चार दिवसांनी बोट अख्खं सुजलेलं, अर्धवट वाकलेलं, तळव्याच्या बाजूने टेंडनच्या रेषेवर बोट टेकवलं तरी दुखतं, आणि दुसऱ्याने सरळ करायला घेतलं की पेशंट ओरडतो. ही कानावेल या सर्जनच्या नावाने ओळखली जाणारी चार लक्षणं. फ्लेक्सर (बोट वाकवणाऱ्या) टेंडनच्या नळीत पू झालेला असतो. कारण ढकललेली वायर जुन्या जागी थांबत नाही, ती पलीकडचं कवच ओलांडून त्या नळीत शिरते, आणि जो भाग आठवडाभर बाहेर मळत होता तोच आत जातो. मग त्याच दिवशी ओटी, नळी धुणं, वायर काढणं, शिरेतून अँटिबायोटिक. हाड पुढे जुळतंही, पण बोट बहुतेकदा आखडलेलंच राहतं.

वायर सरकली तर आधी एक्स-रे. तीन आठवडे उलटलेत आणि मोडलेल्या जागी दाबून दुखत नाही, तर ती ओढून काढा आणि शेजारच्या बोटाला पट्टी बांधा. दिवस कमी झालेत आणि हाड त्या वायरीवरच अवलंबून आहे, तर ओटीत जुनी काढून नवी वायर नव्या भोकातून. बसवतानाच टोक पलीकडच्या कवचातून जेमतेम एक-दोन मिलिमीटर बाहेर येईल एवढंच ठेवा.

बाकीचे प्रकार, थोडक्यात

हळद, खोबरेल, तुरटी, राख: वायरच्या तोंडाशी काहीही लावायचं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडही नाही, त्याने नवी त्वचा जळते.

रोज ड्रेसिंग सोडून बघण्याची हौस नको. जागा कोरडी आणि वेदना नसेल तर आठवड्यातून एकदा पुरे.

प्लास्टिकची पिशवी अंघोळीपुरती. नंतर लगेच सोडायची.

बंद फ्रॅक्चरला (त्वचा न फाटलेल्या) सात दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स हा डॉक्टरच्या मनःशांतीचा कोर्स आहे. द्यायचंच असेल तर एकच डोस: सेफाझोलिन २ ग्रॅम, ऑपरेशन सुरू होण्याआधीच्या तासाभरात आणि टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) फुगवण्याआधी.

साखर न तपासता मधुमेह्याला वायर घालू नका.

मारामारीत मुठीच्या गाठीवर पडलेली छोटी जखम दाताची असते. पेशंट ‘भिंतीवर हात आपटला’ म्हणतो, त्यावर विश्वास ठेवू नका. आधी जखम उघडून सांधा धुवा, वायरीचा विचार नंतर.

मॅलेट फिंगरमध्ये (बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबतं तेव्हा) वायर सांध्यातून जाते. तिथे पू झाला तर तो थेट सांध्यात, म्हणून तिथे ‘दोन दिवस वाट बघू’ नाही.

शेतात किंवा पाण्यात काम करणारा आणि सहा आठवडे वायर लागणारच आहे, अशा पेशंटची वायर त्वचेखाली कापून गाडणं बरं. काढायला पुन्हा भूल आणि छोटा छेद लागतो. ते पेशंटला आधीच सांगा.

लाल दिसलं की घाबरणं, पू दिसला तरी न घाबरणं

थोडी लाली आणि पाण्यासारखा स्राव असेल तर स्वच्छता, नवा घट्ट स्लॅब आणि हात उंच. लाली पसरतेय, जागा गरम आहे, दुखतंय, तर स्वॅब (स्रावाचा नमुना) घेऊन पोटातून अँटिबायोटिक आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासणी. तरी उतरलं नाही किंवा वायर हाताला सैल लागली तर वायर काढा. सैल वायर हाडाला काहीच आधार देत नाही, ती फक्त जंतूंची सोय बघते.

एक्स-रेवर फ्रॅक्चरची रेघ दिसते म्हणून वायर ठेवणं

फॅलँक्सच्या फ्रॅक्चरची रेघ एक्स-रेवर कित्येक महिने दिसू शकते. ती मिटायची वाट बघत आठ आठवडे वायर ठेवणारे लोक आहेत, आणि त्यांच्याकडे पूही भरपूर असतो. वायर काढायचा निर्णय मोडलेली जागा बोटाने दाबून, दुखतं का बघून घ्यायचा. फॅलँक्सला तीन-चार आठवडे, मेटाकार्पलला चार ते सहा. काढण्याआधी वायरचा बाहेरचा भाग आणि त्वचा पुसून घ्या, नीडल होल्डरने (सुई धरायच्या चिमट्याने) धरून हळू फिरवत सरळ रेषेत ओढा. पू असेल तर टोक कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवा. वायर निघाल्यावर भोक तीन-चार दिवसांत बुजायला हवं. स्राव चालूच राहिला तर दहा-चौदा दिवसांनी एक्स-रे परत काढा, कारण हाडातला संसर्ग त्याआधीच्या फिल्मवर सहसा दिसत नाही.