गांधीलमाशीसारखी दिसणारी रॉबर माशी फोटोवरून ओळखताना या चुका टाळा

पावसाळा ओसरल्यावर मसाई पठारावर किंवा पन्हाळ्याच्या उतारांवर काढलेल्या कीटकांच्या फोटोंत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सडपातळ कीटक दिसला, की त्याखाली ‘गांधीलमाशी’ असे लिहून मोकळे होण्याची घाई होते. त्यांतली एखादी गांधीलमाशीचे सोंग घेतलेली रॉबर माशी, म्हणजे दुसऱ्या कीटकांची शिकार करणारी माशी, असू शकते. हे सोंग मुख्यतः रंगाचे आणि आकाराचे असल्यामुळे केवळ रंग पाहून निर्णय देणे ही सर्वांत मोठी चूक आहे. बारीक कंबरेवरही विसंबू नये, कारण काही रॉबर माश्यांचे पोट बुडाशी इतके निमुळते असते की फोटोत कंबरेचाच भास होतो.

माशीला पंखांची एक जोडी आणि गांधीलमाशीला दोन, हे शाळेत शिकलेले सूत्र बरोबर असले तरी फोटोत ते फसवते. गांधीलमाशीचे मागचे पंख बारीक आकड्यांनी पुढच्या पंखांना अडकलेले असतात, शिवाय बसल्यावर ती पंख लांबीत दुमडून घेते, त्यामुळे चार पंखांचे दोनच अरुंद पट्टे दिसतात. म्हणून पंख मोजत बसण्यापेक्षा पंखाच्या बुडामागे संतुलक, म्हणजे टोकाशी गाठ असलेला इवलासा दांडा, दिसतो का ते पाहावे. तो असेल तर ती माशीच. मात्र वरून काढलेल्या फोटोत तो बहुधा पंखांखाली झाकला जातो.

खरी ओळख डोक्यावर असते, आणि नेमका डोक्याचाच फोटो आपण काढत नाही. कॅमेरा किडीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणून समोरून फोटो घेतला, तर रॉबर माशीच्या दोन मोठ्या डोळ्यांच्या मधोमध, टाळूवर, स्पष्ट खळगा दिसतो. तो गांधीलमाशीला नसतो, तसाच पट्टेदार फुलमाशीलाही नसतो. त्याखाली चेहऱ्यावर ताठ केसांचा झुपका आणि तोंडाला टोकदार, कडक सोंड असते, तर गांधीलमाशीला आडवे उघडणारे जबडे असतात. रॉबर माशीच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) सामान्यतः आखूड आणि मोजक्या भागांच्या असतात. गांधीलमाशीच्या लांब असून मादीत 12 आणि नरात 13 भागांच्या असतात. या खुणांपैकी निदान दोन स्पष्ट दिसल्याशिवाय नाव लिहू नये, असे माझे मत आहे.

तोंडात भक्ष्य असलेला फोटो आकर्षक असतो, पण भक्ष्यामुळे चेहरा झाकला जातो. भक्ष्य पकडले म्हणून ती रॉबर माशीच, असेही नाही, कारण गांधीलमाश्याही अळ्या-कोळी उचलून नेतात. रॉबर माशी मात्र सोंड खुपसून भक्ष्याचा रस शोषते, आणि उडून गेली तरी बऱ्याचदा पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसते. तेव्हा जागचे न हलता थांबल्यास दुसरा, बाजूचा फोटो मिळण्याची शक्यता चांगली असते.

मोबाइल ॲप सुचवते ते नाव जसेच्या तसे उतरवू नये. डायोग्मायटिस किंवा मॅलोफोरा असे नाव आले, तर हे रॉबर माश्यांचे वंश (जवळच्या जातींचे गट) अमेरिका खंडांतले आहेत हे ध्यानात घेऊन ते बाजूला ठेवावे. ठिकाण लिहिताना नुसते ‘कोल्हापूर’ लिहिणेही अपुरे आहे. गगनबावड्याचे धो-धो पावसाचे जंगल आणि शिरोळचे उसाचे सपाट शिवार एकाच जिल्ह्यात असले तरी तिथले कीटक सारखे असतीलच असे नाही. गाव, तारीख आणि काटछाट न केलेली मूळ प्रत जपून ठेवावी. जातीपर्यंत पोहोचायला अनेकदा पंखांच्या शिरा किंवा नराच्या पोटाचे टोक तपासावे लागते, म्हणून तशी खूण फोटोत नसल्यास ‘रॉबर माशी, वंश अनिश्चित’ एवढीच नोंद करावी.